आभाळ कोपलं की कोणी बोलायचं?

शिआनचा छोटा हंस पॅगोडा पाहताना नजर वर जाते आणि अडखळते. निमुळता होत गेलेला विटांचा मनोरा शेंड्याविनाच संपतो. इ.स. ७०७ ते ७०९ या काळात बांधला तेव्हा त्याला पंधरा मजले होते, आता तेरा उरलेत. शाळेच्या पुस्तकात भेटलेला इत्सिंग भारतातून जे ग्रंथ घेऊन परतला, त्यांच्याशी या मनोऱ्याचं नाव जोडलेलं आहे, त्यामुळे तिथे पाऊल टाकताना मला परकं वाटलं नाही. १४८७ च्या भूकंपात मनोऱ्याला उभी चीर गेली, १५२१ च्या धक्क्यात ती पुन्हा मिटली असं जुना लेख सांगतो. मग २३ जानेवारी १५५६ चा भूकंप झाला आणि शेंडा गेला.

त्या भूकंपाचा केंद्रबिंदू इथून पूर्वेला, वेई नदीच्या खोऱ्यात होता. सरकारी नोंदीतला मृतांचा आकडा आहे ८ लाख ३० हजार. पिवळ्या मातीचे उभे कडे कोरून त्यांत घरं करायची ही त्या भागाची जुनी रीत. अशी घरं उन्हाळ्यात गार राहतात, थंडीत उबदार. ऐन थंडीतल्या त्या रात्री ती आतल्या माणसांसकट खाली बसली.

याच खोऱ्याच्या भूकंपाची आणखी एक नोंद फार जुनी आहे, इ.स.पू. ७८० ची. तेव्हा चौ घराण्याचा राजा यौ गादीवर होता. जमीन हादरली, छी पर्वताचा कडा कोसळला, तीन नद्या आटल्या. दरबारातल्या बो यांगफू नावाच्या जाणत्याने सांगितलं की हे राज्य आता दहा वर्षंही टिकायचं नाही. इ.स.पू. ७७१ मध्ये राजधानी पडली आणि राजा मारला गेला. पुढच्या प्रत्येक चिनी राजाने ही गोष्ट लहानपणी ऐकली असणार.

तिच्यामागचा विश्वास थोडक्यात असा. राज्य आभाळ देतं, तेही लायक माणसाला. राजा चुकला की आभाळ आधी बजावतं. ग्रहण लागतं, पाऊस दडी मारतो, टोळधाड येते, नदी बांध फोडते, जमीन हलते. तरीही राजा सुधारला नाही तर आभाळ दिलेलं परत घेतं. चीनच्या इतिहासाची दोन पानं वाचलेल्यालाही एवढं ठाऊक असतं. मला या प्रवासाला ओढून नेलं ते त्याच्या पुढच्या भागाने. आपत्ती आली की दरबाराला विचारावंच लागे, आमचं काय चुकलं? हा प्रश्न एकदा विचारला की कोणीतरी उत्तर देणार. एरवी जे बोलल्यावर मान गेली असती, ते थोडे दिवस बोलता येई. ही मुभा कशी मिळाली, कोणी वापरली आणि कोणी हिरावून घेतली, ते जिथे घडलं तिथे उभं राहून मला समजून घ्यायचं होतं.

शिआनच्या वायव्येला हान घराण्याच्या जुन्या राजधानीचे अवशेष आहेत. वेयांग राजवाडा इ.स.पू. २०० च्या सुमारास इथे उभा राहिला. आता उरलाय तो ठोकून घट्ट केलेल्या मातीचा प्रचंड चौथरा, उत्तरेच्या बाजूला दहा-पंधरा मीटर उंच. वर चढलं की सपाट मैदान पसरलेलं दिसतं आणि क्षितिजावर नव्या शहराच्या इमारती. आजी-आजोबा नातवंडांना घेऊन फिरायला येतात. लाकूड नाही, कौल नाही, एक खांबही नाही. तरी या चौथऱ्यावर मी बराच वेळ थांबले, कारण मला वाटतं, सम्राट वेन इथेच राज्यकर्ता म्हणून सगळ्यात मोठा झाला.

इ.स.पू. १७८ मध्ये ग्रहण लागलं. वेनने आज्ञापत्र काढलं की प्रजा सांभाळायची ती मी, तेव्हा दोषही माझाच. माझ्या चुका शोधा आणि मला सांगा, स्पष्ट बोलणारी सचोटीची माणसं निवडून माझ्याकडे पाठवा. वेठबिगारी आणि खर्च कमी करायलाही त्याने सांगितलं. असं आज्ञापत्र कोणीही काढील, भाषा गोड असते. पण वेनने त्याच वर्षी राजनिंदेचा गुन्हाच कायद्यातून काढून टाकला. हा गुन्हा राहिला तर दरबारी मनातलं बोलणार नाहीत आणि मला माझे दोष कळणार नाहीत, असं त्याने कारण दिलं. आधी बोला म्हणायचं आणि मग बोलणाऱ्याला धरायचं, ही वाट त्याने स्वतःच बुजवली.

त्याची दुसरी एक गोष्ट मला याहूनही मोठी वाटते. राजवाड्यात गुप्त प्रार्थना करणारे अधिकारी असत. राजावर येऊ घातलेलं अरिष्ट मंत्र्यांवर किंवा प्रजेवर ढकलायचं, हे त्यांचं काम. सरकारी पगारावर चालणारं हे खातं इ.स.पू. १६७ मध्ये वेनने बंद केलं. माझा दोष खालच्यांच्या माथी मारणं मला मान्य नाही, असा त्याचा आशय होता. दोन हजार वर्षांपूर्वीच्या राजाचं हे वागणं वाचून मला अजूनही भरून येतं.

पण ही मुभा वेनच्या स्वभावावर उभी होती. स्वभाव काही वारसाहक्काने मिळत नाही. त्याचा नातू सम्राट वू याच्या काळात दोंग चोंगशू हा विद्वान होऊन गेला. आपत्ती आणि राज्यकारभार यांचं नातं त्याने रीतसर शास्त्र म्हणून मांडलं. इ.स.पू. १३५ मध्ये राजघराण्याच्या पूर्वजांच्या देवळाला आग लागली, तिचा अर्थ लावणारं टिपण त्याने लिहायला घेतलं. एका सहकाऱ्याने ते चोरून सम्राटापुढे ठेवलं. सम्राटाने विद्वानांना बोलावून मत विचारलं. त्यांत दोंगचा शिष्य होता. लिहिणारा आपला गुरू आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, त्याने ते टिपण मूर्खपणाचं ठरवलं. दोंगला मृत्युदंड झाला, मग माफी मिळाली. त्यानंतर आपत्तींचा अर्थ सांगायचं धाडस त्याने कधी केलं नाही. ज्याने राजाला आभाळाचा धाक घातला, त्यालाच राजाच्या धाकाने गप्प बसावं लागलं.

वेनने बंद केलेलं ते खातं पुढे रिवाजाच्या रूपाने परत आलं. इ.स.पू. ७ मध्ये सम्राट चंगच्या दरबारात वार्ता आली की मंगळ ज्येष्ठा नक्षत्रापाशी येऊन थांबलाय. राजाच्या जिवाला हा सगळ्यात वाईट शकुन. कोणीतरी सुचवलं की थोर मंत्र्याने हे अंगावर घ्यावं. प्रधानमंत्री चाय फांगचिन याला राजवाड्यात बोलावणं आलं. तो घरी परतल्यावर राज्यातल्या सगळ्या आपत्तींचा पाढा वाचणारं पत्र मागोमाग पोचलं, सोबत मद्य आणि बैल. पत्राचा अर्थ उघड होता. चायने त्याच दिवशी आत्महत्या केली. खरं कारण झाकून त्याची उत्तरक्रिया थाटात झाली, सम्राट जातीने हजर राहिला. थोड्याच दिवसांत सम्राटही गेला. आजच्या संशोधकांनी ग्रहगणित मांडून पाहिलं, तेव्हा त्या वर्षी मंगळ तिथे नव्हताच असं निघालं. म्हणजे शकुनही बनवलेला होता. मेलेला माणूस तेवढा खरा.

इ.स. १०७ पासून आपत्तीच्या नावाखाली तीन सर्वोच्च मंत्र्यांपैकी एखाद्याला घरी बसवण्याची पद्धतच पडली. पुढे वेई राज्याचा सम्राट त्साओ पी याने ती मोडली. इ.स. २२१ मध्ये ग्रहण लागलं, मंत्र्याला काढा अशी मागणी आली. इशारा राजाला असतो, तो हातापायांवर ढकलू नका, अशा अर्थाचं उत्तर देऊन त्याने यापुढे अशा आपत्तींपायी मंत्र्यांवर ठपका ठेवायला मनाई केली.

शिआनहून वेगवान गाडीने हनान प्रांतात उतरलं की डोंगर संपतात आणि पीत नदीचं सपाट राज्य सुरू होतं. मला काईफंगला जायचं होतं. शहराच्या उत्तरेला बांधावर गेलं की पहिल्यांदा डोळ्यांना पटतच नाही. नदीचं पात्र शहराच्या जमिनीपेक्षा ७ ते १० मीटर उंच आहे. नदी गाळ आणते, गाळ पात्रात बसतो, पात्र वर चढतं, माणसं बांध वाढवतात, पुन्हा गाळ बसतो. बांधावर ठरावीक अंतराने दगडांचे नीट रचलेले चौकोनी ढीग दिसतात. नदीने बांध पोखरला तर त्या खाईत टाकायला हा दगड कायम तयार ठेवलेला असतो. पायाखालच्या शहराखालीही जुनी शहरं गाडलेली आहेत. सुंग घराण्याची राजधानी कित्येक मीटर खोल गाळात आहे.

या बांधावर मला हूत्सची आठवण येणं अपरिहार्य होतं. ते ठिकाण इथून ईशान्येला, आजच्या पुयांगजवळ. इ.स.पू. १३२ मध्ये नदीने तिथे दक्षिणेचा बांध फोडला आणि सोळा परगण्यांत पाणी शिरलं. सम्राट वूने माणसं पाठवली, भगदाड बुजवलं, ते पुन्हा फुटलं. तेव्हाचा प्रधानमंत्री तियन फन सम्राटाचा मामा. त्याची जहागीर नदीच्या उत्तरेला होती. पाणी दक्षिणेला वाहतंय तोवर त्याच्या जमिनी कोरड्या राहणार, पीक भरघोस येणार. त्याने सम्राटाला सांगितलं की नदीचं फुटणं ही आभाळाची करणी आहे, माणसाच्या बळाने ते अडवू जाणं बरं नव्हे. शकुन पाहणाऱ्यांनी मान डोलावली. आणि मग तेवीस वर्षं कोणी काही केलं नाही.

तेवीस वर्षं म्हणजे एक अख्खी पिढी चिखलात जन्मली आणि मोठी झाली. तियन फन तर पुढच्याच वर्षी मेला, तरी त्याने दिलेली सबब जिवंत राहिली. ज्या आभाळाने राजाला जाब विचारायचा, त्याच आभाळाचा आडोसा करून एका जहागीरदाराने जाब चुकवला. या साऱ्या विचाराला लागलेली कीड मला इथे सगळ्यात स्पष्ट दिसली. आभाळाचं म्हणणं सांगणारा कोण, आणि त्याची जमीन कुठे आहे, हे आधी विचारायला हवं होतं.

इ.स.पू. १०९ मध्ये सम्राट वू स्वतः हूत्सला आला. त्याने पांढरा घोडा आणि जेडची चकती नदीला अर्पण केली, आणि सेनापतींपासून खालच्या सगळ्या अधिकाऱ्यांना पाठीवर काटक्यांचे भारे वाहायला लावले. त्या मुलखात जळणाचा तुटवडा होता, म्हणून राजघराण्याच्या छी उद्यानातला बांबू तोडून भगदाडात रोवला. हजारो मजूर आणि दरबारी एका चिखलात राबले. या वेळी भगदाड बुजलं. भारे वाहणाऱ्यांत सिमा छियन होता, चीनचा आद्य इतिहासकार. त्याने पुढे नद्या आणि कालव्यांवर एक सबंध प्रकरण लिहिलं. हूत्सला पाठीवर भारा घेतला म्हणूनच ते लिहायला घेतलं, हे त्याने त्यात सांगितलंय. आपत्तीच्या इतिहासाला पाठीवरच्या ओझ्याचा आधार असलेलं दुसरं असं लेखन मी वाचलेलं नाही.

काईफंगची आणखी एक जुनी गोष्ट आहे. थांग काळात, इ.स. ७१६ च्या टोळधाडीत, इथला सुभेदार नी रोश्वेई अडून बसला. टोळ हे आभाळाचं काम, राजाने सद्गुण वाढवावेत, मारून काही होणार नाही, असं त्याचं म्हणणं. प्रधान याओ चोंगने त्याला खडसावून लिहिलं, सद्गुणाने टोळ टळतात तर तुझ्या सुभ्यात ते आले याचा अर्थ काय घ्यायचा? सुभेदार गप्प झाला. टोळ जाळायला आणि पुरायला लागला, आणि १ लाख ४० हजार मापं टोळ गोळा झाले.

पण मला या शहरात मुख्यतः शोधायची होती ती चंग श्याची वेस. वेस अर्थातच गाळाखाली आहे. १०७३ च्या पावसाळ्यापासून उत्तर चीनमध्ये पाऊस नव्हता. सुंग सम्राट शनचोंगचा प्रधान वांग आनशी तेव्हा शेतकर्ज, बाजार, वेठ, सैन्य असं सारं नव्याने घडवत होता. आभाळातल्या बदलांना भिण्याचं कारण नाही, दुष्काळ तर पुराणातल्या पुण्यवान राजांनाही चुकले नाहीत, माणसाच्या हातातलं काम नीट करा, असं तो सम्राटाला सांगे. या बाबतीत वांग त्याच्या विरोधकांपेक्षा शहाणा होता असं मला मनापासून वाटतं. पण वसुली थांबली नव्हती. कर्ज फेडायला शेतकरी घराची लाकडं विकत होते, बायकामुलं घेऊन राजधानीकडे चालत येत होते. चंग श्या हा आनशांग वेशीवरचा साधा अंमलदार. वांगनेच पुढे आणलेला, आणि वांगने देऊ केलेली मोठी जागा नाकारलेला. वेशीतून रोज आत येणारी माणसं त्याने पाहिली. त्याने त्यांचं चित्र काढून घेतलं.

चित्र रीतसर वाटेने पाठवलं तेव्हा कचेरीने ते घेतलं नाही. मग त्याने तातडीचा लष्करी खलिता असल्याचं सांगून घोड्यांच्या टपालाने ते राजवाड्यात पोचवलं. सोबत लिहिलं की या योजना थांबवा, दहा दिवसांत पाऊस आला नाही तर माझं डोकं उडवा. सम्राटाने चित्र उलगडून पुन्हा पुन्हा पाहिलं, झोपण्याच्या महालात नेलं, रात्रभर त्याला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी त्याने अठरा बाबींवर स्थगिती दिली. लवकरच पाऊस आला असं इतिहास सांगतो. १०७४ च्या वसंतात वांगने पद सोडलं, आणि चंग श्यावर टपालाच्या घोड्यांचा गैरवापर केल्याबद्दल कारवाई झाली. पुढे त्याला दक्षिणेत दूर हद्दपार केलं.

पाऊस त्या चित्रामुळे आला नाही, हे उघड आहे. तरी चंग श्या मला मोठा वाटतो. आभाळ रागावलंय ही समजूत चुकीची होती, पण त्या समजुतीने वेशीवरच्या एका अंमलदाराचं तोंड उघडलं आणि सम्राटाचे डोळे. वांगचं आभाळाबद्दलचं मत बरोबर होतं, पण त्याच मताच्या आड रस्त्यावरची माणसं दिसेनाशी झाली होती.

परतीच्या वाटेवर चंगचौला गाडी बदलायची होती. २० जुलै २०२१ ला या शहरात एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस पडला, मेट्रोच्या पाच नंबर मार्गावर १४ प्रवासी बुडाले. स्थानकाबाहेर लोकांनी ठेवलेल्या फुलांभोवती आडोसे उभे केले गेले आणि लोकांनी ते हटवले. पुढच्या जानेवारीत केंद्राच्या चौकशीने म्हटलं की शहराने १३९ मृत आणि बेपत्ता माणसं लपवली होती. मी हे बातम्यांत वाचलं होतं. फलाटावर उभी असताना ते पुन्हा आठवलं, आणि चंग श्याच्या वेशीपासून मी फार लांब आलेय असं वाटेना.

बीजिंगच्या निषिद्ध नगरीत ताईहे महालापुढे एवढी गर्दी असते की थांबता येत नाही. मी कडेला सरकून थांबले. आजची इमारत १६९० च्या दशकातली. पहिली सम्राट योंगलेने बांधली. नानजिंगहून राजधानी इथे हलवून त्याने १४२१ च्या नववर्षाला नव्या महालांत दरबार भरवला. त्याच वसंतात वीज पडून तीन मोठे महाल जळाले. योंगलेने रिवाजाप्रमाणे आज्ञापत्र काढलं, माझं काय चुकलं ते मोकळेपणाने सांगा. श्याओ यी नावाच्या अधिकाऱ्याने सांगितलं की राजधानी हलवणंच चुकलं. योंगलेने त्याला ठार केलं. बाकीच्या टीकाकारांना दक्षिण दरवाज्याबाहेर मंत्र्यांसमोर गुडघ्यांवर बसवून वाद घालायला लावला. शेवटी खजिन्याचा मंत्री शिया युआनजी पुढे झाला. ही माणसं तुमच्या हुकमावरून बोलली, त्यांचा दोष नाही, दोष आम्हा मंत्र्यांचा, असं त्याने सम्राटाला सांगितलं. तेव्हा बाकीचे वाचले.

दक्षिण दरवाज्यातून बाहेर पडून मी स्वर्गमंदिराकडे चालत निघाले. १५८५ मध्ये मोठा दुष्काळ पडला तेव्हा एकवीस वर्षांचा सम्राट वानली याच रोखाने पायी गेला होता. पालखी नाही, छत्री नाही, साधा निळा झगा, मागे हजारो अधिकारी. अंतर पाचेक किलोमीटर आहे. चियनमनच्या बाजारपेठेतून जाताना दोन्ही बाजूंची दुकानं संपता संपत नाहीत. मंदिरातल्या गोल वेदीचा आजचा संगमरवर १७४९ च्या विस्तारातला, वानलीने पाहिली ती वेदी लहान होती. प्रार्थना झाल्यावर त्याने मंत्र्यांना सांगितलं की दुष्काळ माझ्या उणेपणामुळे आहेच, पण हावरे अधिकारी प्रजेला पिळतात त्यामुळेही आहे. परततानाही तो पालखीत बसला नाही.

हा तरुण सम्राट मला आवडला होता. म्हणूनच पुढचं वाचवत नाही. काही वर्षांत त्याने दरबारात येणं सोडलं, आलेल्या अर्जांना उत्तर देणं सोडलं. १५९६ आणि १५९७ मध्ये राजवाड्याचे महाल लागोपाठ जळाले. अधिकाऱ्यांनी लिहिलं की हा इशारा आहे. वानलीने मात्र महाल बांधायला पैसे हवेत म्हणून आपले खोजे प्रांतोप्रांती पाठवले, चांदीच्या खाणींचा आणि व्यापाराचा कर गोळा करायला. जिथे खाण नाही तिथेही खाणकर लागला. शहरांतून दंगे झाले.

बीजिंगच्या पश्चिम टोकाला, मोशीखौ गावात, तियन यी या खोज्याची समाधी आहे. वाटेच्या दोन्ही बाजूंना एक मुलकी आणि एक लष्करी अधिकारी दगडात उभे आहेत. १६०२ मध्ये वानली अंथरुणाला खिळला, आता जगत नाही असं त्याला वाटलं. त्याने प्रधान शन यीग्वानला बोलावून खाणकर रद्द करायचा हुकूम दिला. सकाळी त्याला बरं वाटलं. हुकूम परत आणायला खोज्यांमागून खोजे धावले. तियन यी सम्राटाच्या तोंडावर म्हणाला की निघालेला हुकूम मागे घेता येत नाही. वानली इतका भडकला की स्वतःच्या हाताने त्याला मारायला निघाला, तरी तियन यी हटला नाही. पण प्रधान शन घाबरला आणि त्याने हुकूम परत केला. पुढे भेट झाली तेव्हा तियन यी त्याच्यावर थुंकला. अजून थोडा वेळ धीर धरला असतास तर कर उठला असता, असं त्याने सुनावलं. तियन यी १६०५ मध्ये गेला. खाणकर पूर्णपणे उठला तो १६२० मध्ये, वानली मेल्यावर.